खालच्या मजल्यावर येणारी तार

९ फेब्रुवारी १९८८, मंगळवार

टेपरेकॉर्डर बोलायला लागला! गाणं नाही, कॅसेट नाही. बटण दाबून नुसता ठेवलेला — आणि आतून खट्-खट्, खट्-खट्. आधी वाटलं उंदीर. मग वाटलं, यादवला वरणगावला पत्र टाकावं — भाऊराया, फॅक्टरीतल्या दोस्ताकडून तू आणून दिलेली वस्तू ही अशी निघाली. चहाचं आधण ठेवायला उठले आणि हात जागच्या जागी थांबला.

उंदीर मोर्समध्ये बोलत नाही!

बत्तीस वर्षं तार ऑफिसात काढली. आलेली तार खटखटून वाजवणाऱ्या साउंडरची कटकट कानात इतकी मुरली आहे की कुणी सुपारी कातरत असलं तरी मी अक्षरं शोधते. ही तर सरळ अक्षरं होती. दाबल्याचा खट्, सोडल्याचा खट् — अगदी आमच्या साउंडरसारखं. सीक्यू, सीक्यू, सीक्यू. म्हणजे 'जो कुणी असेल त्यानं ऐका'. मग कसलातरी नंबर. मग परत, जो कुणी असेल त्यानं ऐका.

मी ऐकलं. आधण उकळून निम्मं झालं.

१० फेब्रुवारी

वरचा अय्युब! रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. दोन महिन्यांपूर्वी बायकोला, साबेराला, घेऊन वरच्या खोल्यांत राहायला आला. त्याच्या खिडकीतून एक तांब्याची तार निघून माझ्या खिडकीवरून समोरच्या कडुलिंबावर गेली आहे. मला वाटलं होतं, कपडे वाळत घालायला असेल. आज जिन्यात साबेराला विचारलं. म्हणाली, "त्यांना सरकारी लायसन मिळालंय अक्का. जगभर बोलतात. बोटांनी." आणि हसली.

जगभर बोलतो, पण हात काय घाणेरडा! 'एच'ला चार टिंबं असतात. हा पाच देतो, कधी सहा. 'सी' मध्येच तोडतो. असा हात घेऊन आमच्याकडे आला असता तर पहिल्याच दिवशी तिकिटं विकायच्या खिडकीवर बसवला असता.

२१ फेब्रुवारी, रविवार

सवय झाली. सकाळी सात ते आठ अय्युबची वेळ. चहा, शिळ्या भाकरीचा तुकडा, टेप. परदेशी कुणी भेटलं तर ठरलेलं — नाव अय्युब, गाव जळगाव, हवा गरम, अँटेना फार छान. (छान कसली! कडुलिंबाला टांगलेली तार!) पण रोजचं गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याचा गिरधर. एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्याशी मराठीच, इंग्रजी अक्षरांत. मला फक्त अय्युबची बाजू ऐकू येते. गिरधर काय म्हणाला ते आपण ताडायचं. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं. तरी एवढं समजलं की गिरधरला मूळव्याध आहे, मिरची बंद आहे, आणि सासू चार महिन्यांपासून मुक्कामाला आहे. दोन्हींपैकी मोठा त्रास कोणता, यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

मनाला एक लागतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत आलो आणि पंधरा दिवसांत माझी नोकरीची ऑर्डर आली. साहेबांनी शपथ घ्यायला लावली होती. तारेतला मजकूर ज्याचा त्याला. आपल्या तोंडून बाहेर नाही. कधी मोडली नाही. ज्यांच्या घरच्या मरणाच्या तारा हातानं लिहून घेतल्या, त्यांच्याच दारावरून मुकाट घरी आले. पण ही काय तार म्हणायची? फॉर्म नाही, शिक्का नाही. आपण होऊन माझ्या घरात येते.

तरी कुणाला सांगणार नाही. वहीची गोष्ट वेगळी.

३ मार्च

चटका! सकाळी ओलं पातळ वाळत घालत होते. माझी दोरी म्हणजे लोखंडी तारच. हात लागला आणि बोटांना कुणी पेटती उदबत्ती टेकवली! वर बघते तर अय्युबची तार माझ्या तारेच्या वर हातभर, दोघी शेजारी शेजारी कडुलिंबापर्यंत. तिथूनच हाक मारली. बनियनवर धावत खाली आला.

"माणसं मारायचीत का?"

"बाई, चुकलं. मॅचिंग होत नाही अजून."

"मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस मिळतात! आधी ती तार हलव."

मान खाली घालून गेला. बोटावर बारीकसा फोड.

४ मार्च

सात वाजून दहा मिनिटं. अय्युब ते गिरधर — 'खालची बाई खडूस.'

'खडूस'मधला 'एच' पाच टिंबांचा. शिवीसुद्धा धड देता येत नाही!

१३ मार्च, रविवार

सकाळची मालिका रंगात आली आणि भाईदासभाऊंच्या टीव्हीवर पट्टे. भाईदासभाऊ आमचे घरमालक, माझ्या शेजारच्या खोल्यांत राहतात. अर्धी आळी त्यांच्याकडे बघायला जमते. जिन्याखाली उभं राहून ओरडले, "अय्युब! हाई काय शे? मना टीव्हीवर बठ्ठा पट्टाच पट्टा दिखतस!" मागून त्यांच्या झुंबरबाई, "चार आठवडा व्हयनात!" अय्युबनं वरून हात जोडले आणि मशीन बंद केली. पण मालिका तोवर संपली होती.

दुपारी भाऊ कागद घेऊन माझ्या दारात. "बाई, तुम्ही सरकारी. अर्ज तुम्हीच लिखा. दिल्लीले धाडू." मजकूर असा की लायसन रद्द व्हावं आणि तार उतरवावी. तोंडी असंही, की मग खोल्याही रिकाम्या करून घेणार. मी लिहिला. एक खाडाखोड नाही. खाली भाऊंची सही, झुंबरबाईंचा अंगठा आणि तिसरी सही माझी. चांगली लपेटदार.

भाऊंनी घडी करून खिशात घातला. "दोन रविवार वाट देखस. सत्तावीस तारखेले पट्टा दिखना, तर हाई कागद पेटीमा."

खडूस म्हणतो काय!

१६ मार्च, बुधवार

रात्रपाळी करून आले, दुपारी तीनला उठले. टेपमध्ये खटखट! या वेळेला? जेवायला घरी आला असेल. पण हात — हात कसला सुधारलाय! टिंबं सारखी, रेघा सारख्या, अक्षरांमधलं अंतर मापून घेतल्यासारखं. नंबर नाही, कुणाला हाक नाही. नुसती एबीसीडी, आणि मग एक ओळ. मी पेन्सिल घेतली. 'खालच्या अक्कांकडे शिकायचंय. विचारायचा धीर होत नाही. अक्का रागावल्यात.' तीन वेळा तेच.

तोंडावर बाई म्हणतो, तारेत अक्का! माणूस मनातून बरा असतो, आपल्याला कळत नाही.

पेन्सिल खाली ठेवली. हा एकटा बसून सराव करतोय आणि माझी लपेटदार सही भाईदासभाऊंच्या खिशात. बोलावं तर चोरून ऐकल्याचं कबूल करायचं. न बोलावं तर त्याची तार जाणार, खोल्या जाणार.

झोप पूर्ण झाली नाही.

१७ मार्च

वर गेले. हातात भरताची चार वांगी, निमित्ताला. मला बघून अय्युब उठून उभाच राहिला. म्हटलं, "पट्टे कसे जातील ते सांग."

टेबलाखालून त्यानं लाकडी खोका काढला. आत पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर जाड तांब्याची वेटोळी, आणि जुन्या रेडिओतले स्टेशन लावायचे दोन गँग. मूठ फिरवली की पत्र्याची पाती एकमेकांत शिरतात. "याला ट्यूनर म्हणतात बाई. असं बघा — मशीन म्हणते मला पन्नास ओहम पाहिजे. तार म्हणते मी सहाशे. दोघांचं जुळत नाही. मग पाठवलेलं परत येतं आणि घरभर फिरतं. भाऊंच्या टीव्हीत शिरतं, तुमच्या दोरीत शिरतं. हा खोका मध्ये बसतो आणि दोघांनाही वाटायला लावतो की समोरचा आपल्यासारखाच आहे."

"म्हणजे आमच्या युनियनचा सेक्रेटरी!"

पहिल्यांदाच हसला.

"मग लाव की खोका. अडलंय कुठे?" अडलंय असं की नुसता खोका पुरत नाही. आताची अँटेना खिडकीतूनच सुरू होते, म्हणजे निम्मी घरातच. ती वर गच्चीत दोन बांबूंवर ताणायची. तिच्या मधोमधून दोन तारा खाली आणायच्या, चार बोटं अंतर ठेवून, शिडीसारख्या. दोन्हींत सारखं वाहिलं की त्या एकमेकींना गप्प बसवतात, वाटेत काही सांडत नाही. पण अंतर सारखं राहायला मध्ये पायऱ्या हव्यात, प्लॅस्टिकच्या. पन्नासेक. त्या मिळत नाहीत म्हणून दोन महिने गाडं अडलेलं!

"बॉलपेनच्या नळ्या चालतील?" मी विचारलं.

"चालतील अक्का!" साबेरा दारातून. अय्युबनं तोंड उघडायच्या आधी.

२२ मार्च

तार ऑफिसच्या काउंटरवर जेवढी बॉलपेनं मरतात तेवढी आख्ख्या जळगावात मरत नसतील. शिपाई चिंधाला सांगून ठेवलं होतं, संपलेलं पेन फेकायचं नाही. एकावन्न जमली. साहेबांनी विचारलं, "बाई, हे कशाला?" म्हटलं, "जुळवाजुळवीला." पुढे विचारलं नाही.

२७ मार्च, रविवार

हात दुखताहेत, पण लिहिते.

गिरधर आला! धुळ्याहून पहिल्या गाडीनं, टपावर दोन बांबू टाकून. डेपोतला माणूस, कोण अडवणार! दीड महिना याचं सगळं ऐकते आहे — मी मनात लठ्ठ, मोठ्यानं हसणारा माणूस धरला होता. निघाला काडी. "नमस्कार" एवढंच म्हणाला आणि जमिनीकडे बघत बसला. बोलायचं ते सगळं बोटांनीच बोलत असणार.

न्याहारी मी केली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि भरीत. त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तोंडातून गेलं, "तुमचं बिनमिरचीचं वेगळं काढलंय."

गिरधर अय्युबकडे बघतोय, अय्युब माझ्याकडे. "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून दिसतं माणसाच्या!" म्हटलं आणि आत जाऊन तांब्याभर पाणी प्याले. सासूबाई कशा आहेत, हेही विचारणार होते. ते पाण्याबरोबर गिळलं.

नऊपर्यंत बांबू उभे राहिले. तार ताणली, एकावन्न पेनांची शिडी गच्चीतून खिडकीत उतरली. निळी, लाल, मधूनच एक हिरवं — ते साहेबांचं. खोका टेबलावर मांडला. शिडीच्या दोन्ही तारांत टॉर्चचा एकेक बल्ब. दोन्ही सारखे पेटले, आणि लख्ख पेटले, म्हणजे जुळलं.

मालिका सुरू झाली. भाईदासभाऊ टीव्ही दाराशी ओढून, खिशावर हात ठेवून बसले. मी माझ्या खोलीत टेपपाशी. साबेरा जिन्यात मध्ये उभी, खालचं वर आणि वरचं खाली सांगायला.

अय्युबनं मोर्सची की दाबली. टेप — खट्! भाऊ — "पट्टा!" साबेरा — "पट्टे आले!" वरून अय्युब — "एकच बल्ब पेटतोय!" गँग फिरवला. भाऊ — "बारीक व्हयना, बारीक व्हयना!" साबेरा — "बारीक झाला!" मी — "इथं वाढलं!" साबेरा — "अक्का म्हणतात वाढलं!" भाऊ — "आते जाड! पहिलापेक्षा जाड!" पाइपवरचा चिमटा एक वेटोळं पुढे, दोन मागे. आळीतली माणसं मालिका सोडून पट्टेच बघायला लागली. एक जण तर भाऊंना म्हणाला, जरा सरका, पट्टा दिसत नाही!

पाऊण तास हे चाललं. अय्युबचा आवाज रडवेला. भाऊंनी कागद बाहेर काढून मांडीवर ठेवला. माझी सही मला इथून दिसत होती.

मग गिरधरनं तोंड उघडलं. "अर्थिंग," म्हणाला. एवढंच. खाली उतरला आणि नळाशेजारच्या ओल्या मातीत लोखंडी सळई ठोकायला लागला. ठोकतोय, ठोकतोय. तिच्यापासून खोक्यापर्यंत तार नेली. अय्युबनं पुन्हा गँग फिरवला, अगदी हळू.

"पेटले! दोन्ही पेटले! सारखे!"

टीव्ही स्वच्छ. आरशासारखा. मालिका मात्र संपलेली, शेतीची माहिती चाललेली. कुणी उठेना.

भाऊंनी कागद उलगडला, वाचला. "बाई, तुम्हनं अक्षर इतलं सुंदर शे, फाडाले जीव व्हत नही." म्हटलं, "आणा इकडे," आणि मीच फाडला. अय्युबला समजलंही नाही तो कागद कसला होता. साबेरानं तुकडे गोळा केले. त्यातला एक तिनं जरा जास्त वेळ बघितला.

गिरधर जाताना म्हणाला, "भरीत चांगलं व्हतं." दिवसभरातलं तेवढंच मोठं वाक्य.

२९ मार्च

सकाळी सात. टेप चालू करून बसले. काही नाही.

३० मार्च

काही नाही. वर बोलतोय, जिन्यात बारीक ऐकू येतं, पण अक्षरं लागत नाहीत. इतकं जुळवलं की आता माझ्या टेपमध्ये काही सांडतच नाही. गिरधरची सासू गेली का आहे? आता कसं कळणार!

८ एप्रिल

जामनेरची लाइन आजपासून टेलिप्रिंटरवर. आमच्याकडे मोर्सवर तेवढी एकच उरली होती. जामनेरच्या मास्तरांनी शेवटी पाठवलं — 'नमस्कार बाई.' मीही पाठवला. एक अक्षर चुकलं, परत दिलं. चिंधानं साउंडर उचलून कपाटात ठेवला. वर फडकं टाकलं.

ऑफिसात सामसूम, घरी सामसूम.

१० एप्रिल, रविवार

शपथ मोडली.

वर गेले आणि सगळं सांगून टाकलं. नऊ फेब्रुवारीपासूनचं. अय्युबच्या हातातली सोल्डरची गन तशीच.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"म्हणजे ते... चार मार्चचं..."

"खडूसमधल्या एचला चार टिंबं असतात."

खुर्चीत बसला. उठला. परत बसला. मग अर्जाचंही सांगितलं, सहीसकट. म्हटलं, आता फिटलं. "आणि शिकायचं होतं ना माझ्याकडे? मग तोंडानं विचारायचं. तारेत कसलं, अक्का रागावल्यात, धीर होत नाही —"

"मी? असं मी कधी पाठवलं?"

"दुपारी. मागच्या महिन्यात. तीन वाजता."

"तीनला मी दुकानात असतो बाई. आणि तुम्हाला अक्का मी कुठे म्हणतो?"

दोघंही साबेराकडे वळलो. ती पदराला पीळ घालत उभी.

"मला वाटलं, हेडफोन काढून ठेवला की बाहेर काही जात नाही," म्हणाली.

"माझं लायसन जाईल!" अय्युबनं डोक्याला हात लावला. मग हात तिथेच ठेवून, "पण तू शिकलीस कधी?"

"तुम्ही दोन वर्षं एवढंच तर घोकत होतात. स्वयंपाक करता करता येऊन गेलं."

माझ्या सगळ्या नोकरीत असा हात मी तीन जणांचा पाहिला. त्यात एक माझा. आणि इथं ही कणीक मळता मळता!

म्हटलं, "उद्यापासून खाली ये. मशीनला हात लावायचा नाही. टेबल आणि चमचा पुरतो."

१ मे

लायसनच्या परीक्षेचे दोन फॉर्म आणले. एक साबेराचा, एक माझा. का नको? परीक्षा ऑगस्टमध्ये, नागपूरला. लेखी आणि मोर्स. लेखीचं अय्युब दोघींना शिकवतो, माझी वही तपासताना खालच्या आवाजात बोलतो. मोर्स मिनिटाला पाच शब्द. पाच! मी पंचवीस घेते, शेजारणीशी बोलता बोलता.

साबेरा म्हणाली, "अक्का, रेडिओवर खट्-खट् नसतं. पीं-पीं असतं. तुम्हीपण थोडं ऐकता का?"

म्हटलं, पोरी, मला शिकवतेस?

२० ऑगस्ट, नागपूर

येताना गाडीत साबेरानं खिडकीच्या गजावर चमच्यानं सगळी स्टेशनं पाठवली. भुसावळपासून चुका शोधत होते, वर्ध्यापर्यंत एक सापडली नाही. संध्याकाळी तिला दीक्षाभूमीवर नेलं. छप्पन साली आम्ही कुठे बसलो होतो ते दाखवलं. अंदाजानंच. ती म्हणाली, इतक्या माणसांत तुम्ही हरवला नाहीत?

लेखी सोपं. ट्यूनरवर प्रश्न होता! खोक्याचं चित्र काढलं, वेटोळी मोजून.

मोर्सचं नंतर लिहीन. डोकं दुखतंय.

१४ ऑक्टोबर

निकाल आला. साबेरा पास. मी लेखीत पास, मोर्समध्ये नापास.

कानाला हेडफोन लावला आणि आत नुसती पीं, पीं. खट् कुठेच नाही! आणि इतकं सावकाश की अक्षर संपेपर्यंत ते सुरू कुठे झालं हेच विसरायला होतं. पाच मिनिटं कोऱ्या कागदाकडे बघत बसले होते. तेव्हा लिहायची लाज वाटली, आज लिहिते.

अय्युब जिन्यात भेटला, वाट दिली. संध्याकाळी साबेरा आली. पेढा हातावर ठेवला. जरा वेळ बसली. मग उठताना म्हणाली, "अक्का, उद्या सकाळी सातला वर या. एका टिंबापासून सुरू करू."